आसाकुसाच्या गल्लीतलं सोबाचं दुकान : भुरके चालतील, टिप चालणार नाही

दुकानाचं नाव देत नाहीये, रागावू नका. सहा टेबलं आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या चार खुर्च्या, एवढाच त्याचा जीव. पाटी फक्त जपानीत. दुपारी बाराला बाहेर रांग असतेच, तिच्यात आपण आणखी भर कशाला घाला. शिवाय मला जे सांगायचंय ते या एकाच दुकानापुरतं नाही. टोकियोच्या जुन्या वस्त्यांमध्ये सोबाची अशी दुकानं अजून बरीच आहेत. परदेशात जाऊन तिथल्या माणसांसारखं जेवायला शिकायचं असेल, तर पैसे अशा दुकानांत खर्च करावेत, 'संस्कृतीची ओळख' म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकेजांवर नाही, असं माझं स्वच्छ मत झालंय. ते का, हे सांगण्यासाठी हा खटाटोप.

भाचा नोकरीनिमित्त टोकियोत असतो, म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. त्याच्या घरापासून हे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. मी आयुष्यभर बँकेत कॅशवर बसलेली बाई. माझं लक्ष आधी गल्ल्याकडे जातं आणि मग ताटाकडे. तेव्हा पैशांचं वर्णन जरा जास्त झालं तर समजून घ्या.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स. रंग करडा-तपकिरी, धागे बारीक. या दुकानात आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गव्हाचं पीठ घेतात. या प्रमाणाला तिथे निहाची म्हणतात. नुसत्या कुट्टूचा सोबाही मिळतो, पण त्याला चिकटपणा नसतो, तो लवकर तुटतो आणि महागही असतो. टोकियोचं नाव एदो होतं त्या काळात सोबा हे रस्त्यावरचं खाणं होतं. फेरीवाले खांद्यावर सगळा संसार घेऊन फिरायचे आणि कामावरची माणसं उभ्या उभ्या खाऊन निघून जायची. पुढे याबू, साराशिना आणि सुनाबा अशी मोठी घराणी झाली. याबू घराण्याचं कान्दा भागातलं दुकान 1880 सालचं. 2013 मध्ये ते आगीत जळालं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभं राहिलं. आसाकुसातच त्या घराण्याचं दुसरं प्रसिद्ध दुकान आहे, 1913 सालापासूनचं. आमचं दुकान असल्या कुठल्याच वंशावळीत नाही. बाप चालवत होता, आता मुलगा चालवतो. मुलगा म्हणजे साठीचा गृहस्थ.

ओळखायचं कसं? दाराबाहेर कापडाचा आखूड पडदा लटकत असतो, त्याला नोरेन म्हणतात. नोरेन बाहेर असेल तर दुकान उघडं. तो आत घेतला की बंद, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. या दुकानात सकाळी जेवढं पीठ मळलं तेवढंच विकतात. एकदा आम्ही सव्वादोनला पोचलो तर मालकीणबाई नोरेन उतरवत होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडल्यासारखे करून मान खाली घातली. भाषा न येताही सगळं कळलं. शरद ऋतूत दारावर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला दिसला, तर तो नव्या हंगामाच्या कुट्टूचा. तो दिसला की विचार न करता आत शिरा. वास खरंच वेगळा असतो, हिरवट, ताज्या गवताच्या जवळचा.

आत शिरताच सगळे एकदम 'इरास्शाइमासे' ओरडतात. 'या, बसा' एवढंच. उत्तराची कुणी वाट पाहत नाही. ह्यांना मात्र राहवायचं नाही. प्रत्येक वेळी थांबून, वाकून नमस्कार. मागे रांग खोळंबायची. किती माणसं ते बोटांनी दाखवायचं आणि नेतील तिथे बसायचं. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या टेबलावर बसवतात. त्याच्याशी बोलायचं नाही, तो आपल्याशी बोलणार नाही. यात तुटकपणा नाही. चार इंच अंतरावर बसलेल्या माणसाला निवांतपणे जेवू द्यायची ती पद्धत आहे. एकट्याने जेवायला आलेल्या बायका इथे इतक्या दिसतात, आणि कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही, की मला हेवा वाटला.

लगेच गरम चहा येतो, फुकट. गुंडाळलेला ओला रुमालही येतो, तो हातांसाठी. तोंड, मान पुसायची नाही, कितीही उकडत असलं तरी.

मेनूत मोरी म्हणजे साधा थंड सोबा, बांबूच्या चटईवर ठेवलेला, 900 येन. त्यावर नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापडाची, कात्रणं टाकली की तो झारू आणि 1,050 येन. टेम्पुरासकट, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या तुकड्यांसकट, 1,950. गरम रश्शातला हवा असेल तर काके. माणशी एक पदार्थ मागवायचा असतो; तिघांत दोन मागवून वाटून खाणं या दुकानांत बसत नाही. जागा सहा टेबलांची, भाडं आसाकुसाचं, हिशेब उघड आहे.

आता खाण्याबद्दल, कारण शिकायचं ते सगळं इथेच आहे.

समोर चार गोष्टी येतात: चटईवर सोबा, छोट्या कपात बुडवायचं पाणी, बशीत बारीक चिरलेली कांद्याची पात आणि वासाबीचा, म्हणजे झणझणीत हिरव्या लगद्याचा, एक ठिपका. बुडवायच्या पाण्याला त्सुयु म्हणतात. सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि साखर यांचा मुरवलेला अर्क, त्यात कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाचं पाणी. टोकियोच्या जुन्या दुकानांचा त्सुयु काळाकुट्ट आणि खारट असतो. म्हणून पहिला नियम: चार-पाच धागे उचलायचे आणि फक्त खालचा तिसरा हिस्सा बुडवायचा. हा नियम कुणी पाटीवर लिहिलेला नाही. सगळं बुडवून खाल्लंत तर जीभच सांगेल. कप हातात उचलायचा, तोंडाजवळ आणायचा. चटई मात्र जागची हलवायची नाही. कप तळहातात बरोबर मावतो, चटई मावत नाही. वस्तूंचा आकारच इथे शिक्षक आहे.

दुसरं, भुरका. लहानपणी ज्या आवाजासाठी पाठीत धपाटा मिळायचा, तोच आवाज इथे तीस माणसं मिळून काढत असतात. भाचा पहिल्या दिवशी म्हणाला, "मावशी, चावत बसू नकोस, ओढ. हवेसकट ओढ." कारण अगदी साधं आहे. कुट्टूचा वास फार मंद असतो. हवेबरोबर ओढला तरच तो घशामागून नाकात चढतो. शांतपणे चावून खाल्लं तर नुसता खारट धागा. गरम काकेमध्ये तोच भुरका नूडल निववायच्याही कामाला येतो. पण ही मुभा नूडल्सपुरतीच आहे. सोबा, उदोन, रामेन झालं. भात किंवा स्पॅगेटी खाताना हाच आवाज काढलात तर जपानी माणूसही भुवया उंचावतो. आणि सक्ती कुणालाच नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजी एकही आवाज न करता जेवत होत्या आणि त्यांचं ताट आमच्या आधी संपलं.

वासाबी त्सुयुत कालवून टाकू नका, असं इथले जाणकार सांगतात. तो नूडलवर नखाएवढा लावायचा, मग बुडवायचं. मी दोन्ही करून पाहिलं. कालवल्यावर सगळा कप एकाच चवीचा होतो. वर लावला की प्रत्येक घास निराळा. पात आधी संपवू नका, पुढे लागणार आहे.

सोबा संपत आला की न मागता एक चौकोनी लाकडी भांडं येतं, लाखेचा लाल रंग दिलेलं, चोच कोपऱ्यातून निघालेली. त्यात सोबा उकडल्याचं गरम, दुधट पाणी असतं, सोबायु. उरलेल्या त्सुयुत ते ओतायचं, राहिलेली पात टाकायची आणि प्यायचं. दोन मिनिटांपूर्वी जे घोटभरही पिता आलं नसतं, त्याचं एकदम सुरेख सूप होतं. किती ओतायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. उकडताना पाण्यात उतरलेलं पीठ आणि जीवनसत्त्वं वाया जात नाहीत, हाही फायदा. माझ्या मते या दुकानातली सर्वांत चांगली गोष्ट हीच, आणि तिचे पैसे लागत नाहीत. सकाळी अकराच्या पहिल्या गिऱ्हाइकाला सोबायु पाणचट मिळतो, कारण तोवर भांड्यात फारसा सोबा शिजलेला नसतो. एकच्या सुमारास तो पेजेइतका दाट होतो. मी मुद्दाम उशिरा जायचे.

शाकाहारी मंडळींनी हा भाग नीट वाचावा. आमचे हे मासे खात नाहीत. सोब्याच्या नावांत मासा कुठेही दिसत नाही, पण त्सुयुत आहे, काकेच्या रश्शात आहे, गोडसर जपानी ऑम्लेटमध्येसुद्धा आहे. 'मांस नको' म्हटलं की माशाचं पाणी नको असा अर्थ तिथे कुणी घेत नाही. त्यात त्यांचा लबाडपणा नाही. माशाचं पाणी हा त्यांच्या लेखी स्वयंपाकाचा पाया आहे, पदार्थ नव्हे. भाच्याने मालकीणबाईंना आधीच समजावलं. त्या आत गेल्या आणि बशीत मीठ घेऊन आल्या. सोबा मिठाशी खायचीही पद्धत आहे, काही दुकानं आवर्जून तसाच देतात. ह्यांनी मीठ, वासाबी आणि पात यांच्याबरोबर खाल्ला, वर कोरा सोबायु प्यायले. तो चांगला लागतो, मीही चाखून पाहिला. पण 900 येनमधले चारशे येन कपातच राहिले असंही वाटलं. पोटभर शाकाहारी जेवण हवं असेल तर बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन र्योरी शोधा, सोबाच्या दुकानाकडून ती अपेक्षा ठेवू नका. आणि कुट्टू दिसला म्हणून उपवासाचा विचार मनात आला असेल, तर दोन भाग गहू विसरू नका.

दुपारी दोननंतर दुकानाचा नूर बदलतो. बाराच्या वेळी माणसं दहा-पंधरा मिनिटांत उठतात, आणि उठावंच. जेवण संपवून मोबाइल बघत बसणं वाईट दिसतं. दोननंतर मात्र निवृत्त गृहस्थ येतात, साके, म्हणजे तांदळाची दारू, मागवतात आणि तासभर बसतात. सोब्याआधीच्या या बैठकीला सोबा-माए म्हणतात. बरोबर कामाबोको या माशाच्या वडीचे काप आणि वासाबी, किंवा भाजलेली नोरी. नोरी एका लाकडी पेटीत येते आणि पेटीच्या खालच्या कप्प्यात निखाऱ्याचा एवढासा तुकडा असतो, शेवटच्या तुकड्यापर्यंत ती कुरकुरीत राहावी म्हणून. (ही नोरी ह्यांनी एकट्याने संपवली.) एक गृहस्थ टेम्पुरा सोबा मागवून त्यातला सोबा वगळायला सांगत होते. मला वाटलं विक्षिप्त असेल. पण नाही, तो रीतसर प्रकार आहे, नुकी: रश्शात टेम्पुरा, साकेबरोबर खायला. मग शेवटी वेगळा मोरी मागवायचा, चार भुरक्यांत संपवायचा आणि जायचं.

आता सुरुवातीला म्हटलेल्या पॅकेजांपैकी एकाबद्दल. भाच्याने हौसेने पर्यटकांच्या भागातल्या एका 'जपानी भोजनशिष्टाचार' वर्गाचं बुकिंग केलं होतं. माणशी 8,500 येन. स्वच्छ खोली, पडद्यावर चित्रं, इंग्रजी उत्तम बोलणारी तरुण शिक्षिका. काय करू नये याची भली मोठी यादी: चॉपस्टिकने बोट दाखवल्यासारखं करू नका, भांडं ओढू नका, लाकडी चॉपस्टिक एकमेकींवर घासू नका, एकाने चॉपस्टिकने धरलेला घास दुसऱ्याने चॉपस्टिकने घेऊ नका. त्यातलं काहीही चुकीचं नव्हतं. शेवटच्या नियमाचं कारण तर मनात रुतून बसलं: दहनानंतर नातेवाईक अस्थी चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवतात, त्यामुळे तशी देवाणघेवाण फक्त तिथेच. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, तेही तसंच, मृताच्या नैवेद्याची खूण. पण त्यानंतर सरावासाठी आम्ही काय केलं, तर एका वाटीतले सोयाबीनचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकले. जेवण नाही. भुरक्याबद्दल एक वाक्य: 'आवाज केलेला चालतो.' का चालतो ते सांगितलं नाही, आणि सांगून कळलं असतं असंही नाही. वास नाकात गेल्याशिवाय ते पटत नाही. नियमांची भीती घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि त्या रात्री हे हॉटेलात चमचा मागून जेवले. सोब्याच्या दुकानात एकही नियम कुणी सांगितला नाही, आणि तिसऱ्या खेपेला हे रांगेतल्या एका युरोपियन जोडप्याला खालचा तिसरा हिस्सा कसा बुडवायचा ते हाताने दाखवत होते.

पैसे. टेबलावर बिलाची चिठ्ठी उलटी ठेवलेली असते. जाताना ती घेऊन गल्ल्यापाशी जायचं आणि पैसे हातात न देता छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. मालकीणबाई उरलेल्या नोटा आपल्यासमोर पंख्यासारख्या पसरून, मोठ्याने मोजून परत देतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी नवीन मुलांना हेच शिकवत आले, तेव्हा माझे पूर्ण गुण. टिप ठेवायची नाही. ठेवलीत तर तुमचे पैसे राहिले म्हणून कुणीतरी गल्लीभर मागे पळत येईल. त्याऐवजी निघताना 'गोचिसोसामा देशिता' म्हणायचं, जेवणाबद्दलचं आभारप्रदर्शन. आतून, वाफेतून, मालकाचाही आवाज येतो.

स्टेशनावर उभ्याने खायची सोबा दुकानंही आहेत, तिथे 500 येनच्या आसपास काम होतं. तिथे दारातल्या मशीनमध्ये पैसे टाकून कूपन काढायचं आणि ते काउंटरवर ठेवायचं. बटणं वाचता येत नसतील तर डावीकडचं सगळ्यात वरचं दाबा, बहुधा ते दुकानाचं मुख्य असतं. एक सावधगिरी बाळगा: जपानने 3 जुलै 2024 ला नव्या नोटा काढल्या. हजारावर जंतुशास्त्रज्ञ कितासातो, पाच हजारावर स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या त्सुदा उमेको, दहा हजारावर उद्योजक शिबुसावा. छोट्या दुकानांतली जुनी मशीनं या नोटा ओळखत नाहीत आणि थुंकून टाकतात. शंभर आणि पाचशेची नाणी जवळ ठेवा.

तक्रारी आहेतच. टेम्पुरा सामान्य, पीठ जाड, कोळंबी एकच. 1,950 येनला मी पुन्हा घेणार नाही. मोरीचं प्रमाण कमी, तरुण माणसाला दोन लागतील, आणि दुसऱ्या चटईचे वेगळे 700. संडासाकडे जायला उंच पायरी आहे आणि धरायला काही नाही. गुडघ्यांच्या मंडळींनी आधीच उरकून यावं. खुर्च्यांना पाठ नाही. इंग्रजी कुणाला येत नाही, मेनूत चित्रं दोनच. मला याचं फार वाटलं नाही, पण भाचा बरोबर नसता तर मिठाची बशी आली नसती, हेही खरं.

कार्ड चालत नाही. बुधवारी बंद. निवांत बसायचं तर दीडच्या सुमारास जा, सोबायु दाट असतो आणि सोबा संपलेला नसतो. कुट्टूची ॲलर्जी कुणाला असेल तर आत पाऊलही ठेवू नका, ती तीव्र असू शकते आणि इथल्या हवेतसुद्धा ते पीठ उडत असतं. पाकीटबंद पदार्थांवर कुट्टूचा उल्लेख करणं जपानमध्ये कायद्याने सक्तीचं आहे ते उगाच नाही. आणि 31 डिसेंबर टाळा. वर्ष संपताना सोबा खायची तिथे प्रथा आहे, त्या दिवशी रांग गल्लीच्या बाहेर मोठ्या रस्त्यापर्यंत जाते आणि मेनूत मोरी आणि काके सोडून काही नसतं.